हाकेविना साखळी

माझी सासू दानम्मा म्हणायची, ही रुद्राणी जन्मतानाच डोळ्यांत संशय घेऊन आली. खोटं नाही ते. कुणी हसून माप घातलं तर मी आधी मापाच्या बुडाला हात लावून बघते. त्यामुळं ती कॅमेऱ्याची बाई आमच्या पाझर तलावाच्या कामावर आली, तेव्हा मी तिच्याकडं सरळ नजरेनं बघितलं असेल असं कुणी समजू नये.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमचं गाव उदगीरजवळचं. गावानं जागचं न हलता तीन जिल्हे बघितले. निजामाच्या काळी बिदर, मग उस्मानाबाद, आता लातूर. दर वेळी म्हाताऱ्यांना वाटायचं, साहेब जवळ आला, आता बरं होईल. झालं एवढंच की उस्मानाबादचा साहेब वर्षाकाठी एकदा धूळ उडवून जायचा, लातूरचे वरचेवर यायला लागले. ते येऊन कोण धडधाकट, कोण कमजोर हे बघतात आणि कमजोर बायांना घरी बसवतात, अशी बातमी पलीकडच्या गावाहून आली होती. खरी की खोटी, कुणी तपासली नाही. पोट हातावर असलं की माणूस अशी बातमी तपासत बसत नाही, खरीच धरून चालतो.

काम गावाच्या वर माळाला होतं. गडी खाली माती खणत आणि पाट्या भरत, आम्ही बाया ती माती भरावावर पोचवत असू. भराव वाढत वाढत इतका उभा झाला होता की डोक्यावर पाटी घेऊन चढलं की पाय सटकायचा. म्हणून आम्ही साखळी धरायचो. खालपासून वरपर्यंत एकीच्या वर एक बाया उभ्या राहायच्या आणि भरली पाटी हातोहात वर जायची. बाजूलाच दुसरी, लहानशी साखळी होती. तिच्यातून रिकाम्या पाट्या खाली यायच्या.

भरल्या साखळीच्या मधोमध दानम्मा उभी असायची. ती जागा सगळ्यांत वाईट. तिथं पायाखाली सपाटी नाही आणि पाटी वरच्या बाईला द्यायची म्हणजे पार खांद्याच्या वर उचलावी लागते. पण ती तिची जागा होती. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडीच्या पाट्या अशा फेकल्या होत्या की मुकादमानं तिला गड्यांच्या ओळीत उभी केली होती. ही गोष्ट गावात कुत्र्यामांजरांना पण पाठ होती. हाकही तीच द्यायची. "हां बाई... घे बाई!" 'हां'ला पाटी घ्यायची, 'घे'ला वरच्या बाईच्या हातात द्यायची. ती म्हणायची, साखळी माझ्या हाकेवर चालते.

चालत नव्हती. हे साखळीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, फक्त दानम्माला सोडून.

संक्रांतीच्या सुमाराला मला पहिला संशय आला. सकाळी लिंगपूजा करून ती विभूती लावत होती. भस्माची बोटं कपाळाकडं जायच्या ऐवजी कपाळच बोटांकडं खाली आलं. मी चुलीपुढून बघितलं आणि भाकरी उलटली. मग फळीवरचा डबा "तूच काढ गं, माझे हात भरलेत," असं सुरू झालं. मग वेणी डाव्या हातानं. तिचा उजवा खांदा धरला होता. कोपर छातीच्या वर येत नव्हतं, आणि हे तिनं स्वतःपासूनसुद्धा लपवलं होतं. विचारलं की म्हणायची, "रात्री कुशीवर पडले होते, दोन दिवसांत सुटंल."

साखळीत मी तिच्या खालच्या पायरीला असायची आणि तिच्या वर चांगुणा. पाटी माझ्याकडं आली की मी ती क्षणभर गुडघ्यावर टेकवायची, दानम्माचं अंग वळलं की तिच्या कमरेशी नेऊन द्यायची. तिनं फक्त कमरेतून वळायचं. वरून चांगुणा एक पाय खाली टाकून वाकायची आणि पाटी खालूनच उचलून घ्यायची. मी टेकवलेली पाटी पाहून माझ्या खालच्या बाया तेवढं थांबायच्या. दानम्माच्या हातात पाटी पडली की तिच्या तोंडून "घे बाई!" निघायचं, तोवर चांगुणाच्या हाताला पाटी लागलेली असायची. हे कुणी सुरू केलं ते पुढं येईल. पण एकदा सुरू झालं आणि बसून गेलं. त्याबद्दल मग आम्ही आपसात कधी बोललो नाही.

बोलायचं काय होतं? माझा नवरा हैदराबादकडं ट्रकवर गेलेला. त्याचा निरोप यायचा तर यायचा, नाही तर नाही. घरात आम्ही दोघी. भाकरी तर मीही मिळवली असती. पण दानम्मा त्या मधल्या जागेवर जगत होती. तिला कळलं असतं की आपल्याला सांभाळून घेतात, तर ती दुसऱ्या दिवशी भरावावर चढली नसती, आणि घरात बसून ती वर्षभर काही टिकली नसती. मला तिची भीती वाटायची, तिचा राग यायचा, आणि माया होती. तिन्ही एकदम.

आणि गंमत बघा. ती स्वतः सांभाळायची रहमतबीला. रहमतबी माहेरची बिलोलीची, बांगड्या भरणारी. दुष्काळात बांगड्या कोण भरतंय? ती कामावर आली, पण तिला दमा. दानम्मानं तिला रिकाम्या पाट्यांच्या साखळीत उभी केली. "रहमत, तू रिकाम्या धर. तुझ्यात जीव तो किती!" आणि हे ती दिवसातून एकदा तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. रहमतबी हसून मान हलवायची.

अशात एक दिवस मुकादम मडिवाळप्पा एका बाईला घेऊन आला. बाईनं गड्याचा सदरा घातलेला, केस कानापर्यंत कापलेले, एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्या खांद्याला पेटी आणि दोन्हींच्या मधे काळी वायर.

"या यामिनीबाई. मुंबईच्या. नांदेडला रेल्वेनं उतरून मोटारीनं आल्यात," मडिवाळप्पा म्हणाला. "व्हिडिओ काढणार हायत. लातूरहून परवानगी हाय. तुम्ही आपलं काम करा, तिकडं बघू नका."

'लातूरहून' म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या पदरांची टोकं तोंडावर आली.

दुपारी भाकरीच्या वेळी दानम्मा उठून सरळ तिच्यापुढं जाऊन बसली. "बाई, कशाचा पिच्चर हाय ह्यो?"

"पिक्चर नाही, आजी," यामिनी म्हणाली. "मी हालचाल टिपते. लय. तुमचे हात कसे जातात, कसे परत येतात."

"हात कसे जातात ते बघून लातूरला काय करायचंय?"

"लातूरचा काही संबंध नाही. इथं उभं राहायची परवानगी घेतली, तेवढंच."

"मंग तोंडं घ्यायची न्हाईत."

"नाही घेणार. मला तोंडं नकोच आहेत."

दानम्माचं समाधान झालं. माझा संशय मात्र तिथं दुप्पट झाला. फोटो काढणाऱ्याला माणसाचं तोंड नको? खाटीकही बकऱ्याचं तोंड बघत नाही, पाठच चाचपतो. हिनं कुणाचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, किती पैसे मिळतात हे तर प्रत्येक पाहुणा विचारतो, तेही नाही. जो काही विचारत नाही त्याला सगळं आधीच माहीत असतं, असा माझा अनुभव आहे.

दानम्माचा संशय वेगळीकडं गेला. तिनं रहमतबीला बाजूला घेतलं. "तू आजपास्नं पाण्याच्या पिंपामागं बस. तोंड दिसणार न्हाई, पर त्या डब्यात आवाज बी जातो. तुझा खोकला ऐकला की लातूरला कळलं म्हण."

"अक्का, मेरी फिकर नको करू," रहमतबी म्हणाली.

"गप. तुला धरलं तर परत कोण घेतंय? मी हाय म्हणून तू हितं हायस."

रहमतबीनं माझ्याकडं बघितलं. मी पाटीच्या कडा चाचपत बसले. ज्या बाईला झाकायला हवं होतं ती दुसरीला झाकत होती. हसावं की रडावं, मला कळेना.

यामिनी चढावर कुठं कुठं बसायची. कधी पायांशी, कधी वर मातीचा ढीग पडतो तिथं. कॅमेरा बंद असला की मांडीवर बोटांनी ठेका धरायची. एक-दोन-तीन-चार, आणि मधेच बोट हवेत थांबायचं. मी ते बघितलं. बोट थांबत होतं नेमकं माझ्या गुडघ्यावर पाटी टेकायची तेव्हा. मग तिनं जागा बदलली आणि ती आमच्या बरोबर समोर येऊन बसली. म्हणजे माझ्या, दानम्माच्या आणि चांगुणाच्या समोर. तिथून ती हललीच नाही.

मी पाटी टेकवायची बंद करून बघितली. पाटी सरळ दिली. दानम्माचा हात खाली गेला, पाटी तिरकी झाली, अर्धी माती खालच्या बायांच्या डोक्यावर. "नीट दे की गं, लक्ष कुठं हाय तुझं!" दानम्मा ओरडली. मी पुन्हा टेकवायला लागले. कॅमेरा चालू होता.

संध्याकाळी पिंपाशी पाणी पिताना यामिनी माझ्याजवळ आली. "तुम्ही तिथं थांबता ना? पाटी गुडघ्यावर ठेवता."

"दम लागतो."

"दम लागलेली बाई डोळे मिटते. तुम्ही वर बघून थांबता."

ही बाई साधी नाही, मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, "ते दाखवू नका."

"कुणाला?"

आता इथं मी खरं सांगायला हवं होतं असं पुढं चांगुणा म्हणाली. म्हणणाऱ्याचं काय जातं! सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की माझ्या सासूचा हात गेलाय आणि तो तिलाच माहीत नाही? तेही लातूरची परवानगी खिशात घेऊन आलेल्या परक्या बाईला? झाकली मूठ सव्वा लाखाची. आजही ती समोर आली तर मी तेवढंच बोलेन.

"साहेबलोकांना," मी म्हणाले.

"नाही दाखवणार. शब्द देते," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात मऊ होता. मऊ हाताच्या शब्दावर माझा विश्वास बसला नाही.

ती गेली. आम्ही वाट बघत राहिलो की आता जीप येईल, आता कुणाला तरी बाजूला काढतील. आठवडे गेले, कुणी आलं नाही. कुणाला घरी बसवलं नाही. बाकीच्या बाया विसरल्या. मला मात्र काहीच होत नाही याचीच जास्त धास्ती वाटायला लागली. रहमतबी पिंपामागून उठून परत रिकाम्या पाट्यांना उभी राहिली आणि दानम्मानं तिला सांगितलं, "बघ, वाचवली का न्हाई?"

मग एका बाजारच्या दिवशी, कामाला सुट्टी होती, यामिनी परत आली. बरोबर उदगीरचा पाशामियाँ, त्याच्या जीपमध्ये टीव्ही आणि कॅसेटची पेटी. पाशामियाँ गावोगाव भाड्यानं व्हिडिओ दाखवायचा. त्यामुळं गावात उठलं की मठात पिच्चर आहे. गाणी असतील म्हणून पोरीबाळी केस विंचरून आल्या. मडिवाळप्पा नवा सदरा घालून पुढं बसायला आला, तर यामिनीनं त्याला दारातच थांबवलं.

"फक्त साखळीतल्या बायका," ती म्हणाली. "मी शब्द दिलाय."

ती माझ्याकडं बघून हसली. मडिवाळप्पा तोंड पाडून पारावर जाऊन बसला. मला क्षणभर बरं वाटलं. साहेब नाही, मुकादम नाही. मग माझं लक्ष गेलं की दानम्मा सगळ्यांत पुढं, टीव्हीच्या काचेपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसलीय. मी उठून यामिनीला गाठेपर्यंत पाशामियाँनं दार लावून घेतलं आणि काच उजळली.

आधी पाय दिसले. नुसते पाय, धुळीनं पांढरे, टाचा फुटलेल्या. पाय रुतायचे, निघायचे, रुतायचे. सगळ्या खिदळल्या. "अगं, ही चांगुणाची जोडवी!" "हा कुणाचा घोटा, केवढा सुजलाय!" तोंडं झाकली होती, नावं विचारली नव्हती, तरी आम्ही एकमेकींना टाचेवरून ओळखलं. मग माती दिसली, वरून खाली घरंगळणारी, परत परत. आणि आवाज आला. दानम्माचा. "हां बाई... घे बाई!" त्या एका हाकेवर यामिनीनं दुसरी हाक चढवली होती, तिच्यावर तिसरी, आणि मठात जशा शंभर दानम्मा ओरडायला लागल्या.

दानम्मा वळून सगळ्यांकडं बघत होती. तिचा चेहरा मी तेवढा उजळलेला आधी कधी बघितला नव्हता. "माझा आवाज हाय," ती रहमतबीला म्हणाली. "पिंपामागं होतीस ना, न्हाई तर तुझा खोकला बी आला असता."

"हाव अक्का," रहमतबी म्हणाली.

आणि एकदम आवाज गेला. बिघडला असं वाटून पाशामियाँ उठला, तर यामिनीनं त्याला हातानं बसवलं.

काचेवर साखळी होती. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बाया, तोंडं नाहीत. हाकही नाही. पाटी खालून आली, एकीच्या हातातून दुसरीच्या, दुसरीच्या हातातून तिसरीच्या, आणि एका गुडघ्यावर थांबली. तो माझा गुडघा. खालच्या बाया थांबल्या. मग पाटी दोन हातांत गेली, कमरेच्या वर न येता वळली, आणि वरून एक अख्खी बाई वाकून खाली आली आणि पाटी घेऊन गेली. मग परत सगळं भराभरा. पुन्हा पाटी आली. पुन्हा थांबली. पुन्हा चांगुणा वाकली. यामिनीनं तेवढंच परत परत लावलं होतं. हाक असताना जे कधी जाणवलं नव्हतं ते हाक गेल्यावर उघडं पडलं. सगळी साखळी एका जागेशी येऊन श्वास धरत होती, आणि तिथून सुटली की सोडत होती.

खोटं कशाला बोलू, ते सुंदर दिसत होतं. आपण रोज करतो ते असं दिसतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी मला वाटलं, उठून त्या टीव्हीवर घोंगडं टाकावं.

मधल्या दोन हातांच्या मनगटावर हिरवं तुळशीचं गोंदण होतं. काचेवर ते ढळढळीत दिसत होतं.

दानम्मानं काचेकडं बघत स्वतःचा पदर मागं सारला आणि मनगट मांडीवर ठेवलं. एकदा काचेकडं, एकदा मनगटाकडं.

"बाई, माझा आवाज कुठं गेला?" तिनं विचारलं.

"इथं मी आवाज काढून टाकलाय," यामिनी म्हणाली. "आवाज काढला की चाल दिसते."

"दिसली," दानम्मा म्हणाली.

मग काचेकडं बोट करून, "परत लाव."

यामिनीला वाटलं तिला आवडलं. तिनं परत लावलं. दानम्मा पुढं सरकली, नाक काचेला लागेल इतकी, आणि पूर्ण बघितलं. मग डाव्या हातावर जोर देऊन उठली, मठातल्या गादीला वाकून नमस्कार केला आणि कुणाकडं न बघता बाहेर पडली.

यामिनी माझ्याकडं आली. "काय झालं? त्या रागावल्या का?"

"तिला माहीत नव्हतं."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. "मला वाटलं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही सगळ्या एकत्र... त्यांच्यासह. मी तर सगळ्यात सुंदर म्हणून ते शेवटी ठेवलं. तुम्ही फक्त साहेब म्हणालात."

माझ्या जिभेवर शिवी आली होती. मठ होता म्हणून गिळली. आणि शिवी तरी कशासाठी देऊ? बाईनं दिलेला शब्द पाळला होता. माझा तिच्यावर लातूरचा, साहेबाचा, सगळा संशय घेऊन झाला होता. ती खरी असेल एवढी एकच शंका मला आली नव्हती.

घरी गेले तर दानम्मा उंबऱ्यात फणी घेऊन बसली होती. उजव्या हातात. फणी कानापर्यंत गेली आणि तिथंच अडली. ती तशीच धरून बसली होती. मी येऊन उभी राहिले तरी तिनं हात खाली घेतला नाही.

"कवापास्नं?" तिनं विचारलं.

"काय कवापास्नं?"

"रुद्राणे, येड घेऊन पेडगावला जाऊ नको."

"संक्रांतीपास्नं," मी म्हणाले.

फणी खाली आली. "सगळ्यांना ठाव हाय?"

"हाव."

"चांगुणाला कुणी शिकवलं वाकायला? तू?"

तिनं असं बघितलं की सांगावंच लागलं. "रहमतबीनं. ती बाजूच्या साखळीत आमच्याकडं तोंड करून असती ना, तिला तुमचं तोंड दिसायचं. पाटी उचलताना तुमचं तोंड कसं व्हायचं, ते आमाला कुठं दिसतंय. तिनंच एकदा मला न् चांगुणाला बाजूला घेतलं. म्हणली, अक्काला कळू द्यायचं न्हाई."

तिनं फणीतले केस काढले, त्यांची गुंडाळी केली आणि ती बराच वेळ बोटांत फिरवत राहिली. मला वाटलं आता ही उद्या उठणार नाही. मी भाकरी केली, ती तिनं खाल्ली नाही. मी पण खाल्ली नाही.

सकाळी ती माझ्याआधी उठली होती. लिंगपूजा झाली आणि तिनं भस्माची वडी माझ्यापुढं धरली. "लाव."

मी बोटं ओली करून तिच्या कपाळाला तीन पट्टे ओढले. तिनं डोळे मिटून घेतले होते. मी बोटं काढून घेतली तरी ती थोडा वेळ तशीच होती. मग उठून पदर खोचला आणि माझ्याआधी दाराबाहेर पडली.

भरावावर बाया आधीच आल्या होत्या. दानम्मा दिसली आणि सगळ्या आपापल्या जागेवर उभ्या राहिल्या. तिची मधली जागा मोकळी होती. ती तिथपर्यंत चढली, क्षणभर थांबली, आणि तशीच आडवी चालत पलीकडच्या साखळीत गेली. रहमतबीच्या खाली जाऊन उभी राहिली.

रहमतबी बाजूला सरकली. "या अक्का, जगा हाय."

"दिसतंय मला," दानम्मा म्हणाली.

वरून पहिली रिकामी पाटी आली. रहमतबीनं ती हळूच खाली दिली, दोन्ही हातांत, जशी बाळंतिणीला वाटी देतात. दानम्मानं ती घेतली आणि खालच्या बाईकडं अशी भिरकावली की ती बाई दचकून मागं झाली.

"अक्का, आहिस्ता!" रहमतबी हसायला लागली आणि हसता हसता खोकायला लागली.

"खोक आता पायजे तेवढं," दानम्मा म्हणाली, आणि तिच्या पाठीवर डाव्या हातानं थापटलं. मग आमच्या साखळीकडं तोंड करून तिनं हाक दिली. "हां बाई... घे बाई!"

आम्ही पाट्या धरल्या. दानम्माच्या जागेवर दुसरी एक तरणी बाई आली होती, सिंधू नावाची. पाटी खालून हातोहात आली, माझ्याकडं आली, आणि मी ती गुडघ्यावर टेकवली. सवयीनं. वर चांगुणापण एक पाय खाली टाकून वाकली होती. खालच्या बाया थांबल्या. आम्ही सगळ्या तशाच उभ्या. सिंधू बिचारी हात पसरून माझ्याकडं बघत होती.

पलीकडून दानम्मा ओरडली, "रुद्राणे! थांबलीस का? आता कुणासाठी?"

मी पाटी उचलून सिंधूच्या हातात दिली.